पॉइंटआबांचा एक सेकंद

आबांना वय विचारलं की ते म्हणायचे, "एकाहत्तर पॉइंट चार." तीन मजले चढून दमले की कठड्याला टेकून म्हणायचे, "आज चाळीस पॉइंट दोन टक्केच उरलोय." भाजीवाली सुद्धा त्यांना पॉइंटआबा म्हणायची. त्यांचं खरं नाव मुरलीधर. ते मला कळलं इमारतीच्या नोटीस बोर्डावरून, त्यांच्याविरुद्ध लावलेल्या कागदावर. आपल्याकडे माणसाचं पूर्ण नाव बहुधा असंच कळतं.

मी पाचोऱ्याची. जळगावात तळमजल्यावर भाड्याने राहते आणि संघटनेची पत्रकं लिहिते. पाणी, कचरा, रस्ते, ज्याचं दुखतं त्याचं. आबा सगळ्यात वर, गच्चीला लागून. गच्चीवर त्यांचा लोखंडी खांब होता आणि खांबाच्या टोकावरून दोन बाजूंना उतरणाऱ्या तारा. लांबून बघितलं तर इमारतीवर कुणीतरी पत्र्याविना छप्पर घातलंय असं वाटायचं. ती आबांची अँटेना. आबा हॅम रेडिओवाले. म्हणजे परवाना काढून स्वतःच्या सेटवरून हवेत बोलणारे, पैसे न मिळवता, हौसेने. बायको गेल्यावर त्यांना दिवसातून जे काही माणसांचे आवाज ऐकू यायचे, ते या तारांतून.

माझी त्यांची ओळख भांडणातून झाली. चौकातल्या मोबाईल टॉवरविरुद्ध आम्ही पत्रक काढत होतो आणि मला आकडा हवा होता. आकड्याशिवाय पत्रक म्हणजे मिठाशिवाय शेवभाजी. आबांकडे लाल आकड्यांचं यंत्र आहे असं ऐकलं म्हणून वर गेले.

"आबा, त्या टॉवरचं रेडिएशन मोजून द्या."

"हे यंत्र ते मोजत नाही, माय."

"मग एवढे आठ आकडे कशाचे दाखवतंय?"

"किती वेळा, ते दाखवतंय. किती जोरात, ते नाही." मग माझ्या हातातलं जुनं पत्रक चष्म्याखाली धरून म्हणाले, "तुमचं याच्या उलटं आहे. किती जोरात ते लगेच कळतं. किती वेळा खरं, ते कळत नाही."

मी तिथून पाय आपटत उतरले. दुसऱ्या दिवशी पुन्हा गेले, कारण त्यांनी पत्रकातल्या माझ्या "अब्जावधी लहरी" वर लाल पेनाने गोल करून शेजारी लिहिलं होतं : 'मोजल्या?'

ते यंत्र म्हणजे फ्रिक्वेन्सी काउंटर. आबांनी दीपनगरला वीज केंद्राच्या क्वार्टरमध्ये राहत असताना स्वतः जोडलेला. ते तिथे इन्स्ट्रुमेंट विभागात इंजिनियर होते. वीज सेकंदाला पन्नास हेलकावे घेते. एकोणपन्नास पॉइंट सातवर आली की कंट्रोल रूममध्ये माणसांना घाम फुटतो. पॉइंटची सवय त्यांना तिथून लागली. बाकीच्यांना घाम येणं थांबलं की आबांना यायचा, असं ते सांगायचे. "तेव्हा कळायचं की मघाशी घाबरायचं राहूनच गेलं."

काउंटर कसा चालतो हे त्यांनी मला टोलनाक्यावर बसवून शिकवलं, म्हणजे बोलण्यातल्या टोलनाक्यावर. "समज, भुसावळ रस्त्याच्या नाक्यावर तू बसलीस. केळीचे ट्रक चाललेत. तुझ्याकडे एक दार आणि एक घड्याळ. दार बरोबर एक सेकंद उघडायचं, जातील तेवढे ट्रक मोजायचे, दार लावायचं, आकडा पाटीवर लिहायचा. बस. एवढंच आहे यात. फक्त आमचे ट्रक सेकंदाला सत्तर लाख."

"आणि घड्याळ?"

हा प्रश्न विचारला तेव्हा ते पहिल्यांदा माझ्याकडे नीट बघून हसले. "आत एक स्फटिक आहे. तोच घड्याळ. तो म्हणेल तो सेकंद. तो मागे पडला, तर दार जास्त वेळ उघडं राहतं आणि ट्रक जास्त मोजले जातात. ट्रकांचा काही दोष नाही. पाटीवर आकडा मात्र झोकात येतो, आठच्या आठ. आठ आकडे दिसले की लोकांना वाटतं खरंच असणार."

शेवटचा आकडा सारखा डळमळायचा. तीन, चार, तीन, चार. मला वाटलं बिघडलाय. आबा म्हणाले, "दार लागताना एखादा ट्रक अर्धा आत असतो, अर्धा बाहेर. धरायचा की सोडायचा, यंत्राला ठरवता येत नाही. म्हणून शेवटच्या आकड्यावर कधी भांडू नये." आमच्या संघटनेच्या बैठका शेवटच्या आकड्यावरच मोडतात, हे मी त्यांना सांगितलं नाही.

सकाळी खान्देशातले हॅमवाले हवेत जमायचे. धुळे, जळगाव, नरडाणा, शिरपूर. नमस्कार-चमत्कार झाले की एकेक जण म्हणायचा, "आबा, आकडा द्या." बहुतेकांचे सेट घरी जोडलेले, त्यावरचे काटे अंदाजाचे. मग त्याने सेटवरून नुसता एक सूर सोडायचा. आबा आपल्याकडचा सूर त्याला भिडवायचे. दोन सूर जवळ आले की वूंव-वूंव ऐकू यायचं, आणखी जवळ आले की ते संथ व्हायचं आणि जुळले की थांबायचं. थांबलं की आबांच्या काउंटरवर जो आकडा, तोच समोरच्याचा. तो त्याने पेन्सिलीने आपल्या सेटच्या तबकडीवर मांडून घ्यायचा. याला सगळे 'आकडा घेणं' म्हणत. सगळा खान्देश आबांच्या एका सेकंदावर लावलेला होता.

आणि तो सेकंद तपासायचा दिवस ठरलेला : लक्ष्मीपूजन. हे धुळ्याच्या पारसभाऊंमुळे. पारसभाऊंचं पंखे-कूलरचं दुकान, घराणं पिढ्यांपूर्वी राजस्थानातून आलेलं, आणि तेही परवानाधारक हॅम. त्यांच्याकडे उपग्रहाच्या ठोक्यावर चालणारी एक डबी होती, तिचा सेकंद कधी चुकत नाही. लक्ष्मीपूजनाला दुकानातल्या वह्यांची पूजा उरकली की पारसभाऊ डबी घेऊन जळगावला यायचे. आबा काउंटरला हळदकुंकू लावायचे, डबीशी ताडून बघायचे, आतला बारीक स्क्रू केसभर फिरवायचे, मग दोघं लाडू खायचे. वर्षभराची निश्चिंती.

इमारतीचं म्हणाल, तर तिला आबांची अँटेना खुपत होती. कुणाच्या टीव्हीवर मुंग्या, कुणाचं डोकं दुखतं, कुणाच्या मुलाचा बारावीचा निकाल. सोसायटीच्या अध्यक्षांचं म्हणणं, सेट बिघडलेला आहे, लहरी वाट्टेल तिकडे पसरतात. हे अध्यक्ष म्हणजे ज्यांनी आपली गॅलरी रस्त्यावर आणून तिच्यात स्वयंपाकघर केलंय ते. रविवारी सर्वसाधारण सभा ठेवली होती. विषय एकच : अँटेना उतरवणे. आबांचं उत्तर तयार होतं, आणि ते एका वाक्याचं होतं : माझी लहर कुठे आहे ते मी मोजतो आणि माझं मोजमाप बरोबर आहे. बचाव म्हणून त्यांच्याकडे एवढंच होतं. मी त्यांच्या बाजूने पत्रक लिहून घराघरांत टाकलं. आबांनी त्यातलं 'जुलमी' खोडलं आणि 'चुकीची' लिहिलं. पत्रक मेलं.

त्या उन्हाळ्यात आबांना गच्चीवरच्या खोलीत भोवळ आली होती. पारसभाऊंनी ऐकलं नाही, दुकानातला मोठा कूलर टेम्पोत घालून पाठवला. "आबा, मेलात तर आकडा कोण देणार? झोपा वाऱ्यात." आबांनी कूलर लावला आणि आयुष्यात पहिल्यांदा उन्हाळा जरा बरा गेला. मी वर गेले की मलाही बरं वाटायचं. खोलीत वाळ्याचा वास, टेबलावर काउंटर, आणि त्याच्यावर थेट येणारा ओला वारा.

सभेच्या आधीच्या शुक्रवारी नरडाण्याचा किशोर आला. औद्योगिक वसाहतीत शिफ्टवर काम करणारा, चाळिशीचा, आबांचा जुना आकडेवाला. त्याला एक खोड होती. हॅमवाल्यांना ठरवून दिलेला एक पट्टा सात मेगाहर्ट्झपासून सुरू होतो आणि लांबलांबचे परदेशी त्या सुरुवातीच्या कडेजवळ भेटतात, म्हणून हा अगदी कडेला जाऊन बसायचा. विहिरीच्या कठड्यावर बसतात तसा. आबा त्याला नेहमी रागवायचे. आता त्याला दूरसंचार खात्याची नोटीस आली होती : तुम्ही कडेच्या बाहेर सापडलात. शनिवारपर्यंत खुलासा द्या, नाहीतर परवाना.

किशोर दारातच उभा राहिला. "आबा, मी लिखी देस, मन्हा सेटच सरकी जास म्हणून. घरना बनाडेल शे, कोण काय करई?"

"बस पहिले. पाणी पी," आबा म्हणाले. "आकडा कधी घेतला होतास?"

"याच महिनामा. तुम्हीच दिधा ना. सात मेगाहर्ट्झना वर दीडशे."

आबांनी पारसभाऊंना फोन लावला. "डबी घेऊन ये." पलीकडून पारसभाऊंचा आवाज मला सुद्धा ऐकू आला, "आत्ता? दिवाळी आहे का?" दुपारच्या एसटीने ते धुळ्याहून आले, डोक्यावर ओला रुमाल, काखेत डबी, शिव्या देत.

डबीतून येणारी लहर काउंटरला लावली. तिथे एक कोटी दिसायला हवं होतं, एक आणि पुढे सात शून्यं. दिसलं एक कोटी चारशे अठ्ठ्याण्णव. आबांनी वायर काढली, पुसली, पुन्हा लावली. चारशे अठ्ठ्याण्णव. मग सत्त्याण्णव. मग पुन्हा अठ्ठ्याण्णव.

"शेवटच्या आकड्यावर भांडू नये," मी म्हणाले. कुणी हसलं नाही.

आबांनी झाकण उघडलं. आत स्फटिकाशेजारी, जो बारीक स्क्रू ते दिवाळीला फिरवायचे, त्याच्यावर पांढरा थर धरला होता. आपल्या बोअरच्या पाण्याचा धरतो तसा, बादलीला, नळाला, कूलरच्या जाळीला. ओल आणि क्षार. स्फटिक मागे पडला होता. दार जास्त वेळ उघडं राहत होतं. एक कोटीमागे पाचशे जास्त, म्हणजे सत्तर लाखांमागे साडेतीनशे. काउंटर किशोरला कडेच्या आत दीडशे दाखवत होता तेव्हा किशोर बाहेर दोनशे होता.

पारसभाऊ कूलरकडे बघत बसले. "म्हणजे माझ्या कूलरने?"

"कूलरनं नाही. त्याच्यासमोर काउंटर मी ठेवला." आबांनी उठून कूलर बंद केला. खोली एकदम तापली. मग किशोरकडे वळले. "तुन्हा सेट सरकना नही, किशोर. मन्हा सेकंद लांबना."

"मरू द्या ना आबा. मी लिखी देस. एक दम भरतीन, सोडी देतीन."

"आणि नही सोडं तर?"

किशोरने नोटिशीची घडी केली आणि खिशात घातली.

पारसभाऊंनी आवाज खाली आणला. "आबा, ऐका माझं. रविवारी तुमची सभा आहे. तुमचं मोजमाप बरोबर, एवढ्या एका गोष्टीवर तुम्ही उभे. आज तुम्हीच लिहून दिलं की ते चुकीचं होतं, तर त्या गॅलरीवाल्याच्या हातात काठी दिली तुम्ही. सोमवारी सांगा ना जगाला. पळून जातंय का खरं?"

मी पारसभाऊंच्या बाजूची. मी स्पष्ट म्हणाले, "आबा, दोन दिवस गप्प बसा. समोरचे काय हरिश्चंद्र लागून गेलेत? नकाशात नसलेल्या गॅलऱ्या बांधणारे तुमचा प्रामाणिकपणा मोजणार? खरं बोलणाऱ्याची अँटेना उतरते आणि खोटं बोलणाऱ्याची गॅलरी वाढते!"

"घोषणा चांगली आहे," आबा थकून म्हणाले. "गॅलऱ्या किती? मोजल्यास?"

"सात."

"चढून मोजल्यास की रस्त्यावरून?"

मला त्या माणसाचा इतका राग आला की मी उठून गच्चीत गेले. उन्हाने तारा पांढऱ्या दिसत होत्या. मागून त्यांचा आवाज आला, माझ्यासाठी नव्हे, किशोरसाठी. "खुलाशाले उद्या दिन शे. सोमवारले मी खरं बोलसू, तवलग तू खोटं लिखी देयेल ऱ्हाशी. मंग ते कोण खोडी?"

शनिवारी सकाळी सगळे हवेत जमले. आबांनी माइक उचलला. अशा वेळी ते शुद्ध पुस्तकी मराठी बोलायचे, ऑफिसातल्यासारखी. "सर्वांना नमस्कार. उन्हाळा लागल्यापासून माझ्याकडून ज्यांनी आकडा घेतला, त्यांनी तो टाकून द्यावा. माझा काउंटर जास्त दाखवत होता. किशोर मी दाखवलेल्या कडेच्या आतच होता. कड मी चुकीची दाखवली. खात्याला तसं लिहून दिलं आहे. तुमच्या तबकड्यांवरच्या खुणा पुसून घ्या. त्रासाबद्दल माफी असावी."

शिरपूरकडचा कुणी म्हणाला, "आबा, पेन्सिलनं शेत, पुसाई जातीन." सगळ्यांच्याच तबकड्यांवर आबांचा सेकंद होता.

रविवारची सभा पार्किंगमध्ये झाली. बातमी कुणाच्या तरी मोबाईलवरून इमारतीच्या ग्रुपवर आधीच पोचली होती. अध्यक्षांना काही शोधावं लागलं नाही. ते उभे राहिले आणि म्हणाले, "आबा मोठे आहेत, आपल्याला आदर आहे. पण ते स्वतःच म्हणताहेत, मोजमाप चुकीचं होतं. मग आता काय बोलायचं?"

आबांनी समजावून बघितलं. काउंटर फक्त मोजतो, हवेत काही सोडत नाही. माझा सेट पट्ट्याच्या मधोमध असतो, तिथे एवढ्याशा चुकीने काही बिघडत नाही. टीव्हीवरच्या मुंग्यांचा याच्याशी संबंध नाही. दार, घड्याळ, ट्रक. ट्रकांपर्यंत आले तेव्हा एक बाई म्हणाल्या, "ट्रक कुठून आले आता?" आणि लोक हसले. मी ओरडले, गॅलरीचं काढलं. अध्यक्ष म्हणाले, "ताई, तुम्ही भाडेकरू. तुम्हाला मत नाही." हे मात्र खरं होतं. हात वर झाले. मी मोजले नाहीत. आबांनी मोजले, मान डोलावली, आणि प्लास्टिकची खुर्ची उचलून जिथून आणली होती तिथे ठेवून आले.

खांब उतरवायला किशोर शिफ्ट बदलून आला. तो वर, आबा खाली तारेचं टोक धरून. "पीळ पडू देऊ नको रे. पुन्हा लावायची आहे." कुठे, ते त्यांनी सांगितलं नाही. काही दिवसांनी ते धुळ्याला बहिणीकडे राहायला गेले. मी टेम्पोपर्यंत सामान दिलं. काउंटर त्यांनी टेम्पोत ठेवला नाही, मांडीवर घेतला. कूलर मला देऊन गेले. मी तो वापरते. याहून जास्त काही मला त्याबद्दल लिहायचं नाही.

किशोरचा परवाना वाचला, ताकीद मिळाली. इमारतीच्या टीव्हीवर अजून मुंग्या येतात. त्यावर मी पत्रक लिहायला घेतलं होतं. दोन ओळी लिहिल्या आणि कंटाळा आला. हल्ली असं होतं. लढा कुठलाही असो, समोरचा खोटं बोलतो म्हणून मी हरत नाही. आपला माणूस आपल्याच तोंडाने खरं बोलून जातो आणि ते खरं समोरच्याच्या हातात हत्यार होतं. यावर घोषणा होत नाही. मी प्रयत्न केलाय.

गेल्या उन्हाळ्यात मोर्च्याच्या कामाने धुळ्याला गेले होते. ऊन असं की रस्त्यावर कुत्रं नव्हतं. पारसभाऊंच्या दुकानात शिरले. दुकानभर पंखे आणि कूलर, गिऱ्हाइकांना दाखवायला सगळे चालू. कॅलेंडरं फडफडत होती, माझी ओढणी उडत होती. पारसभाऊ माइक हातात घेऊन गल्ल्यावर बसले होते. आबांच्या परवान्यावरचा पत्ता बदलायचा अर्ज खात्यात पडून आहे, तोवर त्यांना हवेत बोलता येत नाही, फक्त ऐकता येतं. म्हणून आबा मोजतात आणि पारसभाऊ बोलतात.

"आणि डबी?" मी विचारलं.

"आता रोज ताडून बघतात. दिवाळीची वाट बघत नाहीत. बघ जा, मागे आहेत."

सेटमधून किशोरचा आवाज आला, "आबा, आकडा द्या ना."

मागच्या बाजूला खोक्यांच्या थप्पीआड एक कोपरा होता. दुकानातल्या एवढ्या पंख्यांपैकी एकाचाही वारा तिथे पोचत नव्हता. खोकी मुद्दाम तशीच रचलेली होती. आबा स्टुलावर बसलेले, बनियन घामाने अंगाला चिकटलेलं, कानाशी हेडफोन. समोर काउंटर, शेवटचा सोडून लाल आकडे स्थिर. मी हातातल्या पत्रकांच्या गठ्ठ्याने त्यांना वारा घालायला गेले.

त्यांनी माझ्याकडे न बघता एक हात काउंटरच्या पुढे आडवा धरला. "तिकडून घाल, माय. माझ्या पाठीकडून. याला लागू देऊ नको."